संक्रांत, उत्तरायण आणि गच्चीवरील फळी

डिसेंबर महिन्याचा शेवटचा आठवडा लागला कीं पुष्कळ घरांतून शाळेंत जाणारीं मुलें आणि वडील माणसें यांच्यांत एका लहानशा प्रश्नावरून खटका उडतो. मूल म्हणतें, "भूगोलाच्या पुस्तकांत उत्तरायण २२ डिसेंबरास लागतें असें छापलें आहे." आजी म्हणते, "उत्तरायण संक्रांतीस लागतें, आणि संक्रांत चौदा जानेवारीस. जन्मभर हेंच पाहत आलें." मग घरांत जो कोणी चार बुकें शिकलेला असेल त्याच्याकडे दोघेंही निकालासाठीं धांव घेतात, आणि तो गृहस्थ बहुधा 'दोन्ही बरोबर' असें म्हणून वर्तमानपत्रांत तोंड घालतो. हें उत्तर आम्हीं स्वतः शाळेंत आणि घरीं मिळून तीस-पस्तीस वर्षें दिलें आहे, तेव्हां त्याची किंमत आम्हांस पुरी ठाऊक आहे. तें उत्तर नव्हे, पळवाट होय. आणि एका प्रसंगीं तर आम्हीं तेंही न देतां याहून वाईट उत्तर दिलें. तो प्रसंग सांगितल्यावांचून या महिन्याचा विषय नीट मांडतां यावयाचा नाहीं; म्हणून घरची गोष्ट असूनही ती येथें सांगतों.

आमचे थोरले बंधु २०१४ सालच्या डिसेंबरांत, २७ तारखेस, वारले. दुखणें दोन महिन्यांचें होतें. दहाव्याच्या आधींच केव्हां तरी वहिनींनीं आम्हांस विचारलें, "भावजी, उत्तरायणाला किती दिवस उरले होते हो?" आम्हीं कोनाड्यांतील पंचांग काढलें, बोटें मोजलीं आणि सांगितलें, "अठरा." प्रश्न आला कीं उत्तर ताबडतोब द्यावयाचें, ही मास्तरकीची खोड, विचारणाराच्या मनांत काय आहे हें पाहावयाचें राहून जातें. गीतेच्या आठव्या अध्यायांत प्रयाणाचे जे दोन मार्ग सांगितले आहेत ते वहिनींस पाठ होते. शरपंजरीं पडलेल्या भीष्मांनीं अठ्ठावन्न रात्री कशासाठीं काढल्या, हेंही त्यांना कोणीं सांगावयास नको होतें. त्या वर्षापासून दर संक्रांतीस आमच्या हातावर तिळगूळ ठेवतांना त्या एवढेंच म्हणत, "अठरा दिवस काढायला हवे होते."

आम्हीं आपल्या परीनें समाधान करून पाहिलें. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायांत, ज्ञानी पुरुष दक्षिणायनांत गेला तरी त्याच्या फळास बाध येत नाहीं असें स्पष्ट सूत्र आहे, आणि त्यावरील शांकरभाष्यांत भीष्मांनीं वाट कां पाहिली याचाही खुलासा केला आहे, असें दोनतीनदां सांगितलें. वहिनींनीं ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "ते ज्ञानी कुठले हो, ते ओव्हरसियर होते." यावर आमच्यापाशीं भाष्य नव्हतें.

गेल्या वर्षीं आमच्या आठव्या इयत्तेंतील नातीनें शाळेच्या कामासाठीं गच्चीवर एक खटाटोप मांडला. एक लांब फळी उत्तर-दक्षिण ठेवून ती पाणसळीनें समपातळींत आणली, फळीच्या दक्षिण टोकाशीं एक काठी ओळंबा लावून सरळ उभी ठोकली, आणि फळीच्या पृष्ठापासून काठीची उंची बरोबर १०० सेंटिमीटर राहील अशी ती कापून घेतली. आमच्या ज्योतिष-ग्रंथांतून ज्याला शंकु म्हणतात तो हाच. जुना शंकु बारा अंगुळांचा असे, हा मुलीच्या सोयीसाठीं शंभरांचा. रोज दुपारीं काठीची छाया सर्वांत आंखूड होऊन फळीच्या मधल्या रेघेवर आली कीं तिच्या टोकाशीं पेन्सिलीनें रेघ मारावयाची आणि शेजारीं तारीख लिहावयाची, एवढेंच काम.

येथें पहिली अडचण आली ती घड्याळाची. बाराच्या ठोक्यास रेघ मारून पोर खालीं आली, आणि अर्ध्या तासानें पाहते तों छाया अजून आंखूड होतच आहे! पुण्यास खरा मध्यान्ह बारा वाजतां होत नाहीं. आपलीं घड्याळें ८२½ अंश पूर्व रेखांशावरील वेळ दाखवितात. पुणें त्याच्या पश्चिमेस साडेआठ अंशांहून थोडें अधिक आहे, आणि एका अंशास चार मिनिटें याप्रमाणें येथें सूर्य सुमारें ३४-३५ मिनिटें उशिरा माथ्यावर येतो. शिवाय पंचांगकर्ते ज्याला वेलांतर म्हणतात त्याचा भर किंवा तूट निराळी. त्यामुळें २२ डिसेंबरास आमच्या गच्चीवरचा मध्यान्ह १२ वाजून ३३ मिनिटांनीं झाला, आणि १४ जानेवारीस तो १२ वाजून ४३-४४ मिनिटांपर्यंत लांबला. हे दहा मिनिटांचे लांबणें वाचकांनीं मनांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां छायेची लांबी पहा. १० डिसेंबरास ती ८८ सेंटिमीटर भरली. वाढत वाढत २२ डिसेंबरास ९० झाली. मग उलटली. २ जानेवारीस पुन्हां ८८, आणि संक्रांतीच्या दिवशीं, १४ जानेवारीस, ८३½. म्हणजे ज्या दिवशीं सूर्य उत्तरेकडे वळतो असें आम्ही समजत होतों, त्या दिवशीं तो चांगला तीन आठवडे उत्तरेची वाट चालून आलेला होता. फळीवर त्याच्या पावलांची साडेसहा सेंटिमीटर नोंद होती.

ज्यांच्या डोक्यांत शाळेंतील त्रिकोणमिति अद्याप शिल्लक असेल त्यांनीं ताळा पाहावा. पृथ्वीचा आंस तिच्या सूर्याभोंवतींच्या मार्गाशीं काटकोनांत उभा नसून २३ अंश २६ कला कललेला आहे, आणि वर्षभर तो आकाशाच्या एकाच दिशेस रोखलेला राहतो. सूर्याभोंवतीं फिरतांना एकदां उत्तर टोंक सूर्याकडे झुकतें, एकदां दक्षिण. दक्षिण टोंक पुरतें झुकलें म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस साडेतेवीस अंशांवर डोक्यावर येतो. पुणें उत्तरेस साडेअठरा अंशांवर. दोहोंची बेरीज बेचाळीस. म्हणजे त्या दिवशीं मध्यान्हीं सूर्य आमच्या डोक्यापासून बेचाळीस अंश दक्षिणेस कललेला, आणि शंभराच्या काठीची छाया नव्वद. उलटपक्षीं मे महिन्याच्या १३-१४ तारखेस सूर्य बरोबर साडेअठरा अंश उत्तरेस येतो आणि पुण्यांत काठीला छाया म्हणून उरत नाहीं. मुंबईकरांनीं हा चमत्कार १५-१६ मे रोजीं व नागपूरकरांनीं २६ मेच्या सुमारास पाहावा. जुलैमध्यें तो पुन्हां घडतो, पण तेव्हां आपल्याकडे सूर्य दिसेल तर!

मुलांचा एक ठराविक गैरसमज येथेंच काढून टाकावा. हिवाळा म्हणजे पृथ्वी सूर्यापासून लांब गेली, असें पुष्कळ मोठीं माणसेंही मानतात. वस्तुस्थिति उलट आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, १४ कोटि ७१ लक्ष किलोमीटरांवर असते, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यांत सर्वांत दूर, १५ कोटि २१ लक्षांवर. थंडी पडते ती किरण तिरके पडतात आणि दिवस लहान होतो म्हणून. आणि सूर्य २२ डिसेंबरास वळला तरी थंडी त्याच दिवशीं कां वळत नाहीं, तर हवा उन्हानें थेट फारशी तापत नाहीं, तापलेल्या जमिनीच्या संगतीनें तापते. आणि जमिनीस दिवसा मिळणारी ऊब रात्रीं निघून जाणाऱ्या उबेहून अधिक होईपर्यंत कांहीं आठवडे जावे लागतात. चुलींतील लांकडें पुढें सारल्याबरोबर आधण येत नाहीं, तसेंच हें.

असो. आतां मुख्य प्रश्न असा कीं, सूर्य २१ किंवा २२ डिसेंबरास वळतो हें जर काठी सांगते, तर संक्रांत चौदा-पंधरा जानेवारीस कां? आमचे पूर्वज चुकले काय?

पूर्वज चुकले नाहींत. पृथ्वी स्वस्थ बसली नाहीं. पृथ्वीला स्वतःभोंवतीं फिरण्याची व सूर्याभोंवतीं फिरण्याची अशा दोन गती आहेत, असें आम्हीं वर्गांत फळ्यावर लिहून देत असूं. तिसरी एक गति आहे ती इतकी मंद कीं फळ्यावर तिला जागा मिळत नसे. मुलानें फेंकलेला भोंवरा जोरांत फिरत असतां त्याची आर सरळ उभी न राहतां डुलत डुलत एक वर्तुळ काढते. तसा पृथ्वीचा आंसही डुलत आकाशांत एक वर्तुळ काढतो. एक फेरा पुरा व्हावयास सुमारें २५,८०० वर्षें लागतात. आपले ग्रंथकार यास अयनचलन म्हणतात, नवे लोक संपातचलन म्हणतात.

हें डुलणें कां घडतें त्याची उपपत्ति न्यूटननें आपल्या १६८७ सालच्या ग्रंथांत दिली. पृथ्वी हा बिनचूक गोल नव्हे. स्वतःभोंवतीं फिरण्यानें ती मध्यावर फुगली आहे. विषुववृत्तावरचा व्यास १२,७५६ किलोमीटर आणि ध्रुवापासून ध्रुवापर्यंतचा १२,७१४. या बेचाळीस-त्रेचाळीस किलोमीटरांच्या कमरपट्ट्याला चंद्र आणि सूर्य तिरकें ओढतात व आंस उभा करूं पाहतात. पण फिरत्या वस्तूचा स्वभाव असा कीं ढकललें त्या दिशेनें न जातां ती बाजूस वळते. गंमत अशी कीं या डुलण्याच्या वेगावरून पृथ्वीच्या पोटांत काय आहे याचाही कांहीं अंदाज येतो. ती आंतबाहेर एकाच वजनाची असती तर वेग निराळा आला असता. गणित सांगतें कीं जड द्रव्य मध्याकडे साठलेलें आहे. पुढें भूकंपाच्या लाटांवरून तेंच ठरलें. वरचा खडकाचा पापुद्रा पाहिला तर जमिनीखालीं कांहीं दशक किलोमीटरांचाच. त्याखालीं सुमारें २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत घट्ट पण तापलेले खडक. त्याखालीं वितळलेलें लोखंड व निकेल. आणि अगदीं मध्यें त्याच धातूंचा घट्ट गोळा, ज्याची त्रिज्या सुमारें १,२२० किलोमीटर. हा मधला गोळा इंगे लेहमान नांवाच्या डेन्मार्कच्या विदुषीनें १९३६ सालीं भूकंपाच्या नोंदी वाचून शोधून काढला. कोणी खणून पाहिलेला नाहीं, आणि पाहणारही नाहीं.

या तिसऱ्या गतीचा हिशेब वर्षांत असा उतरतो. सूर्य एकदां दक्षिण टोंकास जाऊन वळला कीं पुन्हां तेथेंच वळावयास त्याला ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटें ४५ सेकंद लागतात. हें ऋतूंचें म्हणजे सायन वर्ष. परंतु एका ताऱ्यापासून निघून पुन्हां त्याच ताऱ्यापाशीं यावयास ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटें १० सेकंद लागतात. हें नाक्षत्र वर्ष. फरक वीस मिनिटें पंचवीस सेकंदांचा. उत्तरायण हें पहिल्या वर्षाशीं बांधलेलें आहे, आणि मकरसंक्रांत म्हणजे ताऱ्यांनीं आंखलेल्या मकर राशींत सूर्याचा प्रवेश, म्हणून ती दुसऱ्याशीं. दोघे जण एकाच वाड्यांतून निघाले, पण एकाचें घड्याळ रोज अंमळ मागें पडतें, अशी ही जोडी. सत्तर वर्षांत एका दिवसाची चूक पडते. म्हणजे आजोबांची संक्रांत आणि नातवाची संक्रांत यांत एक दिवस. सतराशें वर्षांपूर्वीं दोन्ही गोष्टी एकाच दिवशीं घडत असत, आणि तेव्हां 'मकरसंक्रांत म्हणजे उत्तरायण' हें वाक्य अक्षरशः खरें होतें.

ज्यांना हें गणित नको असेल त्यांनीं चरित्रें पाहावीं. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. आज त्या तारखेस आपल्याकडे तीळ भाजलेले असतात, संक्रांत आलेली नसते. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजीं मराठ्यांवर संक्रांत कोसळली असें आपण म्हणतों. पण गणितानें पाहतां त्या वर्षींची संक्रांत तीनचार दिवस आधींच होऊन गेली होती. हेंच असें चालूं राहिलें तर सुमारें अकरा हजार वर्षांनीं मकरसंक्रांत भर उन्हाळ्याच्या टोंकास येईल आणि त्या काळचे लोक घाम पुशीत गुळाची पोळी खातील. त्याची चिंता आपण करावयाचें कारण नाहीं.

आमच्या संस्कृत शिकलेल्या मंडळींस (आम्हीही त्यांत आलों) लाज वाटावी अशी गोष्ट ही कीं, हें सर्व आपल्याच ग्रंथांत लिहून ठेवलेलें आहे. वेदांगज्योतिषांत उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभीं सांगितलें आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत म्हटलें आहे कीं, पूर्वशास्त्रांप्रमाणें एके काळीं दक्षिणायन आश्लेषांच्या अर्ध्यापासून लागत असे, आतां तें कर्काच्या आरंभीं व उत्तरायण मकराच्या आरंभीं लागतें. आणि याहून फरक दिसेल तर प्रत्यक्ष पाहून ठरवावें. पाहावें कसें हेंही त्यानें सांगितलें आहे: उगवत्या-मावळत्या सूर्याचा दूरच्या खुणेशीं वेध घ्यावा, किंवा मोठ्या वर्तुळांत छाया कोठें शिरते व कोठून निघते त्या खुणा कराव्या. म्हणजे आमच्या नातीची फळीच. त्यानें प्रत्यक्ष पाहावयास सांगितलें. आम्हीं त्याचें निरीक्षण तेवढें पाठ केलें. आज सूर्य वळतो तेव्हां तो मूळ नक्षत्रांत असतो; घरच्या पंचांगांत २२ डिसेंबरचें सूर्यनक्षत्र कोणींही पाहून घ्यावें.

विवाहांत वधूस ध्रुव दाखवितात तो अढळ म्हणून. तोही या गतीनें सुटलेला नाहीं. आजचा ध्रुवतारा आकाशाच्या खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहून थोडा कमी अंतरावर आहे आणि येत्या शतकाच्या आरंभास तो सर्वांत जवळ येईल. मग दूर जाऊं लागेल. पांच हजार वर्षांपूर्वींच्या सुमारास ध्रुवपदीं दुसराच एक मंद तारा होता, आणि सुमारें बारा हजार वर्षांनीं अभिजित त्या जागेच्या बराच जवळ असेल. लोकमान्यांनीं १८९३ सालच्या 'ओरायन' ग्रंथांत वेदांचा काळ काढण्यास जो आधार घेतला तो याच चलनाचा.

येथवर लिहून आम्ही आजीबाईंचा पक्ष सर्वस्वीं खोडून काढीत आहों असें कोणास वाटेल. तसें नाहीं. 'संक्रांतीपासून दिवस तीळ तीळ वाढतो' हें म्हणणें कोठून आलें याचा आम्हीं पुष्कळ विचार केला, आणि वर जीं दहा मिनिटें लक्षांत ठेवावयास सांगितलीं होतीं त्यांत तें सांपडलें. पुण्यास सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या सुमाराचा, अकरा तासांचा, हें खरें. पण सूर्य सर्वांत लौकर मावळतो तो त्या दिवशीं नव्हे, तर नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यांत, ५ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास. आणि सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या १७ तारखेच्या आसपास, ७ वाजून १० मिनिटांस. २२ डिसेंबरास तर तो ७ वाजून ३ मिनिटांच्या आंतबाहेरच उगवलेला असतो. मध्यान्हच रोज पुढें सरकत असल्यामुळें दिवस वाढूं लागला तरी ती वाढ सगळी सायंकाळच्या पदरांत पडते आणि सकाळ उलट आणखी उशीर करीत राहते. आतां जी बाई पहाटे उठून सडा घालते, पाणी तापविते, ती दिवस कशावरून ओळखणार? तिला संध्याकाळचीं चौदा मिनिटें दिसत नाहींत; तिला दिसतें कीं अजून उजाडत नाहीं. संक्रांत होऊन तीनचार दिवस गेले कीं उजाडणें प्रथमच अलीकडे येऊं लागतें, आणि ती म्हणते, दिवस वाढला. तिचें निरीक्षण बिनचूक आहे. तें दिवसाच्या एका टोंकाचें आहे इतकेंच. हा न्याय पुण्याच्या अक्षांशापुरता समजावा. काश्मीराकडे तारखा निराळ्या येतील.

मग पंचांगें सुधारावीं काय? हा वाद महाराष्ट्रास नवा नाहीं. केरो लक्ष्मण छत्रे, विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक, व्यंकटेश बापूजी केतकर अशीं थोर माणसें यांत आयुष्यभर झगडलीं. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे व्यवसायानें शिक्षक. त्यांचा १८९६ सालचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास आजही पुढें घेऊन बसावें असा आहे, आणि ते स्वतः सायन पक्षाचे. राशिचक्राचा आरंभ कोणत्या ताऱ्यावरून धरावा या एका प्रश्नावर चित्रा पक्ष व रेवती पक्ष असे दोन तट पडले, आणि दोहोंत चार अंशांचा फरक. म्हणून टिळक पंचांग मानणाऱ्या घरीं संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते आणि एकाच कुटुंबाच्या दोन शाखा दोन दिवशीं तिळगूळ वांटतात. पुढें मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९५५ सालीं अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती ऋतूंना धरून चालते. तिच्यांत पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबरास येतो. ती किती घरांत पाळली जाते हें वाचकच जाणतात. आमचें मत विचाराल तर सण हलवूं नयेत. तिळगूळ चौदा-पंधरासच वांटावा. सूर्य ताऱ्यांच्या मकरांत त्याच दिवशीं शिरतो, त्यांत खोटें कांहीं नाहीं. फक्त त्या दिवशीं उत्तरायण लागलें असें मुलांना सांगूं नये.

फळीकडे परत येतों. संक्रांतीच्या दिवशीं नातीनें ती खालीं माजघरांत आणली आणि रेघा सर्वांना दाखविल्या. वहिनी चष्मा लावून बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "सत्तावीस तारखेची कुठली?"

ती रेघ बावीसच्या रेघेशीं जवळजवळ एकजीव झालेली होती. पांच दिवसांत छाया चारपांच मिलिमीटरच आंखूड होते, आणि सूर्य हा बिंदु नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळें छायेचें टोंक मुळांतच धुरकट पडतें. पेन्सिलीनें त्यांतून निवाडा होत नाहीं. तें आम्हीं वहिनींस स्पष्ट सांगितलें. दुसऱ्यांदां घाईचें उत्तर द्यावयाची आमची इच्छा नव्हती. पण नात म्हणाली, "आजोबा, दहा डिसेंबर आणि दोन जानेवारी ह्यांची छाया सारखीच आहे ना? मग मधला दिवस काढा." तेवीस दिवसांचें अर्ध साडेअकरा, दहांत मिळविले कीं एकवीस आणि बावीस यांच्या मध्यें. वळण तेथें. सत्तावीस त्याच्या पुढें पांच दिवस. आम्हीं नंतर पाहून घेतलें. २०१४ सालीं सूर्य २२ डिसेंबरच्या पहाटे साडेचारच्या सुमारास वळला होता.

गीतेंत उत्तरायणाचे सहा महिने म्हटलें आहे, संक्रांतीचें नांव तेथें नाहीं, हें आम्हीं वहिनींस सांगितलें. अकरा वर्षांपूर्वीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर चुकीचें दिलें, तें पंचांगाचें नव्हतें, आमचें होतें, हेंही सांगितलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. तिळगुळाची वडी मात्र हातावर ठेवली, आणि त्या वर्षीं पुढचें वाक्य आलें नाहीं.

फळी नात माळ्यावर टाकणार होती. वहिनींनीं ती पुसून आपल्या खोलींत, कपाटाच्या मागें उभी करून ठेवली आहे. आठ दिवसांपूर्वीं त्यांनीं नातीस विचारलें कीं यंदा गच्चीवर पुन्हां काठी लावणार केव्हां, आणि दुपारीं रेघ मारावयाची वेळ झाली म्हणजे आपल्याला हांक मारशील ना.